लंगोटाचं तिसरं पाणी

पवनीच्या बसस्टँडवर बाबा मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते, "रडू नको, सामान मोज." मी मोजलं. सात डाग होते, त्यातले दोन माझ्या साडेतीन महिन्यांच्या मुलीचे. एका बोचक्यात आईने आपल्या जुन्या सुती पातळांचे शिवलेले पन्नासएक लंगोट होते. दुसऱ्यात तिळाच्या तेलाची बाटली, डाळीचं पीठ, ओवा, वावडिंग. माझी बाळंतपणाची रजा संपली होती, म्हणून आई बाळाला सांभाळायला आमच्याबरोबर पुण्याला येत होती. बाबा शाळामास्तर. बस हलली तरी ते खिडकीतून सामानाकडेच बघत होते, आमच्याकडे नाही. त्यांचा तो डाव मला कळत होता आणि मीही सामानाकडेच बघत राहिले.

हे मी पवनीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्यांचं चांगलं झालं. गेलेल्यांनाही तसंच वाटत राहावं लागतं, नाहीतर रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढवत नाही.

आमचा फ्लॅट विश्रांतवाडीत होता, दुसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटरांमधला वर्ष दोन हजारचा गोंधळ निस्तरून दोनेक वर्षं झाली होती आणि येरवड्याच्या पुढे काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, एका इमारतीत कोड लिहायचा आणि मी दुसरीत टेस्टिंगला होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, चूक नेमकी कुठून आली ते पुराव्यासकट दाखवायचं, हा माझा धंदा. त्यात मी हुशार होते. टीममध्ये माझ्या नावाची थोडी दहशतही होती.

पुण्याचा पाऊस आईला पहिल्याच आठवड्यात नकोसा झाला. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात पाऊस धो धो कोसळतो आणि मग चक्क ऊन पडतं. तासाभरात लंगोट कडकडीत वाळतात. पुण्यात पाऊस त्या मानाने कमीच, पण तो जातच नाही. दिवसच्या दिवस नुसती भुरभुर. हॉलमध्ये, किचनमध्ये, बाथरूमच्या दारावर लंगोट लटकलेले, आणि संध्याकाळी हात लावावा तर गारच. आई एकेक लंगोट इस्त्री फिरवून वाळवायची. एकदा तिने शेगडीत निखारे करून वर टोपली पालथी घातली, ओव्याची धुरी केली आणि तिच्यावर लंगोट पसरले. पवनीत घरोघर असंच करतात. इथे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि म्हणाले, "अहो, आग लागली असेल तर आम्हालाही कळवत जा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेगडी त्याच दिवशी माळ्यावर गेली.

आणि आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. त्याचा मला केवढा तोरा होता. ऑफिसातून आले की मीच लंगोट त्यात टाकायची, वर सुवासिक निळी पावडर, चांगली मूठभर. सोसायटीत पाणी मोजकं यायचं, म्हणून खळबळण्याची फेरी एकच ठेवायची. आईची पद्धत वेगळी होती. बाळाच्या कपड्याला तीन पाणी. तिसऱ्या पाण्यात कपडा बोटांत चोळून बघायचा, बुळबुळ लागली तर आणखी एक, आणि शेवटी कढत पाणी. आमच्या गल्लीतली अर्धी लेकरं तिच्या पायांवर न्हालेली. बाळंतिणीच्या घरून तिला बोलावणं यायचं आणि ती हातातलं काम टाकून निघायची. मशीनमधून काढलेला लंगोट तिने एकदा नाकाशी धरला आणि म्हणाली, "याले तिसरं पाणी नाई भेटलं." मी हसले. मशीनला आपल्या दोघींपेक्षा जास्त कळतं, असं काहीतरी बोलले.

माझ्या मुलीच्या, मितूच्या जांघेत आधी लाली आली. मग कातडी सोलवटली. शू झाली की ती अशी कळवळायची की आई तिच्याबरोबर रडायची. आम्ही तिघी रिक्षाने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई अस्सल पुणेरी, बोलणं मोजून. त्यांनी बाळाला उघडं केलं, घड्या बघितल्या आणि विचारलं, "तेल कोण लावतं?"

मी आईकडे बोट दाखवलं. नुसतं बोट दाखवून थांबले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "आई ऐकतच नाही हो डॉक्टर. खेड्यातल्या सवयी."

बाई आईला म्हणाल्या, "आजी, बाळ आहे हे, लोणचं नाही." मग मला नीट समजावून सांगितलं. दमट हवेत घड्यांमध्ये तेल साचू द्यायचं नाही, पावडर फासायची नाही, साध्या पाण्याने धुऊन मऊ कपड्याने टिपायचं, चोळायचं नाही, दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवायचं. पांढरं मलम दिलं. शेवटी लंगोट कसे धुता, असंही विचारलं. मी ऐटीत सांगितलं, मशीनमध्ये. तो विषय तिथेच संपला.

आईने परतीच्या वाटेवर बाळ माझ्याकडे दिलं. त्या दिवसापासून तिने मितूला अंघोळ घातली नाही. मी तेलाची बाटली मोरीत ओतली, तेव्हा ती शेजारी भांडी पुसत होती. आठ दिवसांनी म्हणाली की बाबांच्या जेवणाचे हाल होतात. बाबांना स्वयंपाक उत्तम यायचा, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मिलिंदने तिला गाडीत बसवून दिलं. ऑफिसात त्या दिवशी सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मला स्टेशनवर जाता आलं नाही. म्हणजे, मी गेले नाही.

मितूला सोसायटीतल्या एका काकूंकडे ठेवू लागलो. मलमाने बरं वाटायचं आणि पुन्हा लाल व्हायचं. ऑगस्टात मशीन बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस पाच दिवस आला नाही, तेव्हा मी लंगोट हाताने धुवायला बसले. पहिल्या पाण्यात फेस. दुसऱ्यातही फेस. तिसऱ्यात बोटांना बुळबुळ. मी चिडून पाणी बदलत राहिले. त्या पाच दिवसांत मितूची जांघ गुलाबी, स्वच्छ झाली. मग मशीन दुरुस्त झालं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लाली आली. माझ्या धंद्यात यापेक्षा चांगला पुरावा लागत नाही.

रविवारी आईचा फोन आला. तिने विचारलं, "बरं झालं का लेकराचं?"

मी म्हणाले, "झालं. तेल बंद केल्यावर झालं."

का म्हणाले? शेजारी मिलिंद बसला होता, हे एक कारण. पण खरं सांगायचं तर मला खाली बघायचं नव्हतं. शहरात येऊन मी चार गोष्टी आईपेक्षा जास्त शिकले आहे, एवढाच तर माझ्याजवळ ऐवज होता. तो लंगोटाच्या बादलीत कसा घालवू?

पुढे माझ्या भावाचं लग्न झालं, करुणावहिनी आली, तिला दोन मुलं झाली. दोन्ही वेळा फोनवर कळलं की आईने बाळाला अंघोळ घातली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. बाहेरची बाई लावली. गल्लीतली बोलावणीही तिने बंद केली. मला समजायचं ते समजलं होतं आणि मी गप्प बसले. प्रमोशन, घराचं ताबापत्र, मितूची शाळा, प्रत्येक वेळी काहीतरी होतंच. माणूस गप्प बसायचं ठरवतो तेव्हा कारणं दारात रांग लावून उभी राहतात.

मागच्या पावसाळ्यात पवनीला गेले होते. बाबा आता नाहीत. दुपारी गल्लीतली एक सून आपलं महिन्याचं बाळ घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवायला वाकली. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "दुरूनच आशीर्वाद माय," म्हणाली, "माह्या हाताचं लेकराले मानवत नाई." ती सून गेल्यावर आई पुन्हा तांदूळ निवडायला बसली. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मशीन, पावडर, पाच दिवस, फोन. वीस वर्षांची गोष्ट सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आईचा हात सुपात थांबला. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. आपण किती स्वस्तात सुटायचं मनात धरून बसलेलो असतो.

"मले नको सांगू," ती म्हणाली. "करुणाले सांग. तिच्या दोन्ही लेकराले मी हात नाई लावला. तिले आजवर वाटते, सासूनं तिचे लेकरं आपले मानले नाई."

वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिलाही सांगितलं. तिची मुलं आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत, त्यांपैकी एक बाहेर क्रिकेट बघत होता आणि टीव्हीचा आवाज आत येत होता. माझं बोलून झालं तेव्हा तिने परातीतली कणीक झाकली, हात धुतले आणि विचारलं, "ताई, ताट करू का तुमचं?"

त्या घरात मी कधी ताट मागितलं नव्हतं. मांडणीवरून घ्यायचं, पातेल्यातून वाढून घ्यायचं, चुलीजवळ बसून खायचं. पुण्यात कुणी गाव विचारलं की आजही मी पवनी सांगते, घर कुठे म्हटलं तरी पवनीच. पण त्या दिवसापासून जाते तेव्हा वहिनी पाहुणीसाठी मांडावा तसा पाट मांडते, ताट वाढते, पाण्याचा तांब्या भरून ठेवते, कशात काही कमी नसतं. आणि भात आणखी हवा असला तरी मी मागत नाही.