हलक्यातली नको, हलकी हवी

"आजी, आता गिटार सोडा आणि भजन धरा," असं हाडांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. माझ्या पाठीचा फोटो उजेडावर धरून ते त्या फोटोशीच बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "डॉक्टर, भजनाला वय लागतं, माझं अजून झालेलं नाही." ते हसले नाहीत. फी घेतल्यावर हसायचं नसतं असं त्यांना शिकवलेलं असावं.

गिटार मुळात माझ्या मुलाची. तो मुंबईला नोकरीला गेला तेव्हा माळ्यावर टाकून गेला. मी ती उतरवली, पुसली आणि फोनवर बघून बघून शिकले. आम्ही चौघी बायका रत्नागिरीच्या आसपास हळदीला गाणी म्हणतो. एक ढोलकीवर, एक खंजिरीवर, आमची म्होरकी गाते आणि मी साडीच्या पदराला चार पिना लावून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. लोक आधी हसतात, मग नाचतात. पहिल्यांदा हसले म्हणून मी कधी थांबले नाही.

पण ती गिटार अख्ख्या लाकडाची. पाटा गळ्यात अडकवून वरवंटा वाजवल्यासारखं. तीन-चार गाणी झाली की कमरेतून कळ निघायची. ते म्होरकीच्या नजरेतून सुटणार थोडंच? ती म्हणाली, "खुर्चीत बसून वाजव गो."

खुर्चीत कशी बसू? खुर्चीत गिटार घेऊन बसलेली म्हातारी वाजवतेय असं कोणाला वाटत नाही. नातवाची गिटार सांभाळायला दिलीय असं वाटतं.

"मग खेडच्या हळदीला माझ्या जावेला बोलावते," ती म्हणाली. "तिच्याकडे कीबोर्ड आहे. त्यात गिटारचा पण आवाज आहे."

त्यात गिटारचा पण आवाज आहे म्हणे. ओल्या काजूच्या उसळीत शेंगदाणे घालायचे आणि म्हणायचं, चावायला सारखंच लागतं. मी ठरवलं, खेडला उभी राहीन तर मीच राहीन. पाठ बदलता येत नाही, गिटार येते.

आमच्या ह्यांना घेऊन बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, "हलकी गिटार दाखवा."

त्याने लाल रंगाची एक काढली. चकचकीत, खेळण्यासारखी. "ही घ्या मावशी, शिकायला बरी. नातवाला ना?"

उचलली तर माझ्या जुनीएवढीच जड. म्हटलं, "याच्यापेक्षा हलकी नाही?"

"याच्यापेक्षा हलकी मी ठेवत नाही," तो जरा दुखावून म्हणाला. "दुकानाचं नाव खराब होतं."

मला कळेना, वजनाने दुकानाचं नाव कसं खराब होतं. मग हे हळूच म्हणाले, "अगो, तो मालाचं बोलतोय." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्या भाषेत हलकं म्हणजे कमी वजनाचं आणि हलकं म्हणजे टाकाऊ, दोन्ही एकच. माणूसही वजनदार असला की मोठा. पाठीचा विचार करून कोणी भाषा केलेली नाही.

"हलक्यातली नको," मी म्हटलं, "वजनाला हलकी पाहिजे. वाजवणार मी आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आतून दुसरी आणली. खरंच सुपासारखी हलकी. मला स्टुलावर बसवून हातात दिली. मांडीवर अगदी मांजरासारखी बसली. हे खूश. "घेऊन टाक," म्हणाले. यांना जेवायला घरी जायचं होतं.

पण मी बसून वाजवणार नव्हते. उभी राहिले, पट्टा खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात सोडले. दुकानदार धावला. गिटारची मान, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते टोक, माडाच्या सुकलेल्या झापासारखी खाली आली. अंग हलकं आणि मान जड, मग काय होणार. म्हणजे डाव्या हाताने सूर दाबायचे की मान उचलून धरायची? कमरेचं ओझं खांद्यावर येणार, एवढाच फायदा.

"हात कशाला सोडता मावशी?" तो म्हणाला. "वाजवताना हात असतातच की."

"तुमचा हात लावून बघा मग."

त्याने लावला नाही. तिसरी दिली. ती सुपाएवढी हलकी नव्हती, पण हात सोडले तरी आडवीच्या आडवी राहिली. त्यावर मी रुंद पट्टा मागितला. अरुंद पट्टा म्हणजे खांद्यावर विळी.

"आता घ्या," दुकानदार म्हणाला. दुपारची वेळ झाली होती आणि रत्नागिरीत दुपारी दुकानदाराच्या झोपेपुढे गिऱ्हाईक म्हणजे माशी. पण माझी पाठ पाच मिनिटांत कधीच दुखत नाही, अर्ध्या तासाने दुखते. म्हटलं, "स्पीकरची वायर जोडा, मी अर्धा तास वाजवून बघते."

"अर्धा तास?"

"मग काय, हळद पाच मिनिटांत उरकतात तुमच्याकडे?"

त्याने शटर अर्धं ओढलं आणि आत बसून डबा उघडला. हे स्टुलावर पेंगले. मी हळदीची सगळी गाणी उभ्याने वाजवली. शेवटी कमरेत बारीकशी जाणीव होती, कळ नव्हती. घेतली.

खेडला म्होरकीची जाऊ आलीच. "असू दे गो, जवळ असलेली बरी," म्होरकी म्हणाली. माणूस आजारी पडायच्या आधीच दवाखान्याची पिशवी भरून ठेवतात, तसं. जाऊ बरोबर आणलेल्या टेबलावर कीबोर्ड मांडून माझ्या कमरेकडे बघत बसली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी होते. मध्ये नवरदेवाचे काका माझ्यापुढे नाचताना धापा टाकत खुर्चीत बसले. जावेने एकदाच एक बटण दाबलं, त्यातून ढोल वाजायला लागला, आमची ढोलकीवाली थांबली आणि तिने जावेकडे असं पाहिलं की कीबोर्ड पुन्हा वाजला नाही.

सामान आवरताना म्होरकी माझा पट्टा चाचपत म्हणाली, "पुढच्या महिन्यात आंजर्ल्याला हळद आहे. लांबेल. जमेल ना उभ्याने?"

"माझं जमेल," मी म्हटलं. "तुझ्या जावेला सांग, येताना ते टेबल नको आणू. मला पाय हलवायला जागा पुरत नाही."