राणीच्या शिंगराचा अडकलेला पाय

मित्रांनो, घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

लहानपणापासूनच्या घोड्यांच्या वेडापायी बँकेची नोकरी सोडून मी नावड्याजवळ तबेला काढला. आज सकाळी आमच्या राणी घोडीला पहिल्यांदाच कळा सुरू झाल्या. शिंगराचे दोन्ही पुढचे पाय दिसायला हवे होते, पण एकच दिसला.

डॉक्टर खांदेश्वरहून निघाले होते. फोनवर म्हणाले, "माझी वाट बघू नका. कळ ओसरली की शिंगरू मागे ढकला आणि दुमडलेला पाय सरळ करा."

हे मी नुसतं बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं. माझ्या चुकीने दोघंही जातील या भीतीने मला रडूच फुटलं.

माझ्या धंद्यावर कायम नाराज असलेले बाबा राणीचं डोकं धरून बसले. म्हणाले, "भीत भीत कर, पन कर. ती तुज्याच भरवशावर हाय."

खूर हाताला लागला, निसटला, पुन्हा लागला. शेवटी पाय सरळ झाला आणि शिंगरू बाहेर आलं. ते शिंकलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दोघंही ठीक आहेत. मी मात्र अजून घाबरलेलीच आहे. आपल्याच आवडीच्या कामाची तुम्हाला कधी अशी भीती वाटलीय का?