किल्लीवाल्या बाईंचा क्लच

ब्रेक ऑइलची बाटली पेट्रोलच्या टाकीवर ठेवायची नसते, हे जावईबापूंना बाटली लवंडल्यावर कळलं. सांडलेलं ऑइल कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायचं नसतं, भरपूर पाण्यानं धुवायचं असतं, हे कळलं फडकं लाल झाल्यावर. टाकीचा तळहाताएवढा रंग फडक्यावर आला होता.

"पुसा अजून," सासूबाई म्हणाल्या. "खालचा पत्रा कसा आहे तेही एकदा बघून घेऊ."

बिचारे आले होते वेगळ्याच कामाला. सासूबाईंना सगळे किल्लीवाल्या बाई म्हणतात. नवऱ्यामागे कुलपांचं दुकान त्यांनीच चालवलं. कुणाचं दार बाहेरून ओढलं गेलं, कुणाचं कपाट रुसून बसलं, की हत्यारांची पिशवी मागे बांधून बाई मोटरसायकलवर हजर. साठी उलटली, पण दाराबाहेर ताटकळणारा माणूस वय विचारत बसत नाही. मात्र गेल्या आठवड्यात सिग्नलला क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकली आणि समोरच्या मोटारीला टेकली. मुलीनं निकाल देऊन टाकला: आईच्या डाव्या हातात जोर राहिला नाही, गाडी विकायची. गिऱ्हाईकही तिनंच शोधलं. ते संध्याकाळी येणार होतं. तोवर आईनं काही उपद्व्याप करू नयेत म्हणून तिनं नवऱ्याला पहाऱ्यावर धाडलं होतं.

सासूबाईंनी पहारेकऱ्याला चहाच्या आधी पाना दिला.

"हा क्लच वायरवर चालत नाही, तेलावर चालतो, ब्रेकच्याच. तेल जुनं झालं, त्यात हवा शिरली, आणि नाव माझ्या हाताचं. चला, धरा लिव्हर."

काम सोपं होतं. म्हणजे सासूबाईंना. हँडलजवळच्या डबीतलं काळं पडलेलं तेल त्यांनी सिरिंजनं ओढून काढलं, नवं भरलं आणि इंजिनाशेजारी फरशीवर फतकल मारली. खालच्या स्क्रूला नळी लावली. वर जावयानं लिव्हर दाबून धरायची, खाली त्यांनी स्क्रू सैल करायचा, बुडबुडे नळीतून निघाले की घट्ट करायचा आणि मगच लिव्हर सोडायची. आधी सोडली तर हवा पुन्हा आत.

जावईबापूंनी आधी सोडली.

"मी सोडा म्हटलं?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आई."

"नुसतं बघितलं की सोडता? माझ्या मुलीनं तुम्हाला चांगलंच तयार केलंय."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. बुडबुडे विरळ होत आले, तेवढ्यात मुलगीच येऊन उभी राहिली. तिनं टाकीकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"सोडा ते."

लग्नापासून या दोन शब्दांवर जावईबापूंनी पत्ते सोडले होते, सिगारेट सोडली होती, एक बरा मित्रही सोडला होता. पण आत्ता खाली स्क्रू सैल होता.

"थांब जरा," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले. बोटं मात्र ढिली पडू दिली नाहीत.

"अहो, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. आईंचं व्हायचंय अजून."

सासूबाईंनी सावकाश, गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश, स्क्रू आवळला. "हं. आता सोडा."

डबीचं झाकण बसतंय तोच फोन आला. कुणी बाई गॅसवर दूध ठेवून दाराबाहेर अडकली होती. सासूबाईंनी हात धुतले, पिशवी बांधली, गाडी सुरू केली. मुलगी पुढच्या चाकासमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"आई, हात दुखतो तुझा. मला माहितीये."

"दुखतो. मग?"

"त्या दिवशी काही झालं असतं तर मी काय करायचं होतं?"

"रडायचं होतंस. पण ते तेलामुळे झालं, हातामुळे नाही. बघ."

त्यांनी दोन बोटांनी लिव्हर ओढली आणि पहिला गिअर टाकला. गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली. चाक तसूभर हललं नाही. मुलगीही हलली नाही. ती त्या दोन बोटांकडे बघत होती. बोटं थरथरतील याची वाट बघत होती, की थरथरू नयेत अशी आशा करत होती, ते जावईबापूंना शेवटपर्यंत कळलं नाही. मग ती बाजूला झाली, घरातून हेल्मेट आणलं आणि आईच्या हनुवटीखाली पट्टा स्वतः आवळला, चांगला करकचून.

जावईबापू लगबगीनं पुढे आले. "पण आई, संध्याकाळी ते गिऱ्हाईक येईल, त्याला काय सांगू?"

"सांगा, गाडी कामावर गेलीय."