तिसऱ्या तळ्याचा रंग

"आमच्या यांना खोटं बोलताच येत नाही," असं रंगमास्तरांची बायको छातीठोकपणे सांगायची. बिचारी! गेले चार महिने हा माणूस तिच्याशी धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही अगदी गोड आवाजात.

मास्तर रंगाच्या दुकानात कामाला. पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग टाकत गिऱ्हाइकाला हवी ती छटा जुळवायची, हे त्यांचं काम. बायकोची नजर ऐन तिशीत गेली, पण तोवर पाहिलेले रंग तिच्या मनात पक्के बसले होते. म्हणून दर सुट्टीला मास्तर तिला दोघांनी मिळून पेडल मारायच्या लांबड्या सायकलवर मागे बसवून टेकड्यांवरच्या बागेत न्यायचे आणि पुढून सगळं दुकानाच्या भाषेत सांगायचे.

"आभाळ कसंय हो आज?"

"पांढऱ्यात निळ्याचे दोन थेंब, बस."

तिला ते बरोब्बर दिसायचं. घरात कडाक्याचं भांडण झालं तरी फेरी चुकायची नाही. मग फक्त रंग जरा तुटकपणे सांगितले जायचे.

आणि आता मास्तरांच्याच डोळ्यांनी दगा दिला होता. कडेकडेचं दिसे, मधोमध मात्र राखाडी डाग. दुकानात रंगाचे डबे बिघडायला लागले तेव्हा मालकांनी गोड बोलून त्यांना गल्ल्यावर बसवलं. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तर सांगूनच टाकलं, "गेलेलं परत येणार नाही, राहिलंय तेही जाईल. सायकल आजपासून बंद." मास्तर घरी आले आणि मूग गिळून बसले. बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार? बाहेरचं सगळं तिच्यापर्यंत पोचायचं ते यांच्या डोळ्यांतून. 'एकदा शेवटचं नेऊन आणू, मग सांगू,' असं त्यांनी ठरवलं. ते शेवटचं नेणं आज तिसऱ्यांदा चाललं होतं.

चढावर मागून हाक आली, "जोर लावा की! का मी एकटीच ओढतेय?"

"तूच ओढतेयस. मी आपला शोभेला."

ती खळखळून हसली. मास्तरांचा मात्र जीव मुठीत. रस्त्याच्या कडेचं गवत तेवढं धरून ते सायकल हाकत होते. पहिलं तळं, दुसरं तळं त्यांनी आठवणीतून सांगितलं आणि ते खपलंही. उतारावर कुणीतरी बाजूला उडी मारून ओरडलं, "अहो काका, समोर बघा!"

"काय झालं हो?"

"काही नाही. लोकांना चालायचं कळत नाही."

तिसऱ्या तळ्याशी नेहमीसारखे दोघं उतरले. मास्तरांनी कठड्यावर हात ठेवला, समोरच्या राखाडी डागाकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "वा! आज नंबरी आहे. गडद निळा, त्यात हिरव्याचा एकच थेंब. मधे बदकं पोहतायत."

बायकोनं नाकाला पदर लावला. गाळ काढायला तळं रिकामं केलं होतं, तळाशी नुसता चिखल होता आणि त्याचा वास सगळीकडे पसरला होता. पण मास्तरांचं नाक दुकानातल्या थिनरच्या उग्र वासानं केव्हाच मारून टाकलेलं. तिनं वाकून, चाचपडून एक दगड उचलला आणि समोर भिरकावला. पाण्याचा आवाज आला नाही. थप्पकन चिखलात रुतल्याचा आला.

"कधीपासून दिसत नाही?" तिनं विचारलं.

"अगं, पाणी जरा कमी..."

"पाण्याचं नाही विचारत मी."

मग सगळं सांगितलं मास्तरांनी, डॉक्टरांचं, गल्ल्याचं, सगळं. तिनं त्यांच्या पाठीत दोन्ही हातांनी गुद्दे घातले. "मला मागे बसवून उतारावरनं आणलंत! अक्कल गहाण टाकली होती का? आणि कुणाला चिरडलं असतं म्हणजे?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "माझे डोळे गेले तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते हो. तुम्ही होतात ना. आता कोण सांगणार मला?"

तिथेच मातीत ती खाली बसली, तेही बसले. जाणारे-येणारे वळून बघत होते. तिनं चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"मी दिसते का अजून?"

मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं. खांदा दिसला, पदर दिसला. सरळ पाहिलं की चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. आज त्यांना खोटं बोलवेना.

"नाही गं. सगळ्यात आधी तूच गेलीस. मी तुझ्याकडेच बघायचो ना."