झोळीतला पाय

आधी कबूल करा, हसणार नाही. हसलात? अहो, अजून सुरुवातही केली नाही!

मी लातूरला बसून बॅले शिकते. हो, मोबाईलवर! पुण्याच्या मॅडम शिकवतात. त्यांनी बजावलं, "पंधरा दिवसांत व्हिडिओ पाठव. पाय कमरेच्या वर, आधाराशिवाय, आठ मोजेपर्यंत. जमलं तर शिबिरात जागा, नाहीतर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी? तोवर घरच्यांनी मला बोहल्यावर चढवलं असतं!

माझा पाय कसाबसा कमरेपर्यंत जायचा आणि तीन मोजले की धपकन खाली. मॅडम म्हणाल्या, "ताण दे, पण पोटात आणि मांडीत ताकदही आण." मोठ्या माणसांचं शेवटपर्यंत कोण ऐकतं? मी 'ताण दे' एवढंच ऐकलं.

आमच्या मधल्या खोलीत छताला पाळण्याची कडी आहे. आईची जुनी सुती साडी बांधून मी झोळी केली, पाय आत टाकला आणि ओढला. काय सांगू, पाय थेट कानाशी! रोज सकाळ-संध्याकाळ हेच सुरू.

खिडकी मात्र उघडी. समोरच्या काकूंना झोळी दिसली. आमच्याकडे कडीला झोळी म्हणजे बाळ, दुसरा अर्थच नाही. घरात सून एकच, माझी वहिनी. काकूंनी लगेच निलंग्याला माझ्या आत्याला फोन लावला, "सुनेला दिवस गेलेत." दुसऱ्या दिवशी झोळी हलताना दिसली. पुन्हा फोन, "बाळ झालंय, लपवायलेत!" वहिनी रोज शाळेत शिकवायला जाते, हे कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ!

तिसऱ्या दिवशी आत्या दारात. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, मागे काकू. आणि मी एका पायावर, दुसरा झोळीत अडकलेला.

"कळवायचं तरी गं! लेकरू कुठंय?" म्हणत आत्यानं झोळी फाकवली. आत माझा पाय.

"अगं बया! हे तर लई मोठं झालंय!"

तेवढ्यात वहिनी शाळेतून आली. काकूंनी तिच्या तोंडात लाडू कोंबला आणि म्हणाल्या, "तू पडून ऱ्हा."

सगळा उलगडा झाल्यावर वहिनी माझ्याकडे वळली. "ताई, तुमच्या पायापायी मी आई झाले!"

मी आत्याला तावातावानं बॅले समजावला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोड ती साडी. आता धर पाय."

धरला. एक, दोन, धपकन!

"झोळीतलं लेकरू सोताहून चालतंय व्हय? वजन साडी उचलायलीय, तू न्हाई."

असा राग आला! कारण मॅडमही हेच म्हणाल्या होत्या.

आत्या बाळंतपणाच्या तयारीनं आलेली, ती राहिलीच. सकाळी हात कमरेवर, पाय हळू वर, हळू खाली. मोजणार आत्या. तिचा एक आकडा म्हणजे माझे तीन. "आत्या, लवकर मोज की!" "तुला घाई हाय, पायाला न्हाई." बाळंतिणीचे लाडू मीच संपवले.

शेवटच्या संध्याकाळी व्हिडिओ काढला. पाय कमरेच्या वर चार बोटं. थरथरला, पण आठपर्यंत पडला नाही! पाठवला आणि देव पाण्यात ठेवून बसले.

मॅडमचा निरोप आला, "जागा पक्की." हुश्श! मी तिथंच फतकल मारली. वहिनीसुद्धा हसली हो!

लगेच दुसरा निरोप. "तुझा पाय ठीकठाक आहे. पण मागे नऊवारीतल्या बाई मोजता मोजता एका पायावर उभ्या आहेत, बारापर्यंत हलल्या नाहीत. वय काय त्यांचं?"

मी पंचेचाळीस कळवलं. सदुसष्ट लिहायची मलाच लाज वाटली.