सुमनताईंचे आठ पाडे

वजनकाट्याच्या झोळीत मूल ठेवण्याआधी सुमनताई त्या मुलाशीच बोलायच्या. "आता तुला टांगते हां. झोळी थंड लागंल. वाईच हालशील, पन पडायचा नाय." सहा महिन्यांच्या पोराला काय कळणार! पण ताईंचं सगळं असंच, सांगूनसवरून. हंड्याच्या तळाचं पाणी ओतायचं असलं तरी आधी अंगणात विचारणार, "कुनाला पायजे का? नायतर सांडते."

मोखाड्यातल्या एका लहान संस्थेत आम्ही एकत्र होतो. ताई पोशेऱ्याच्या. करारावर पाडे फिरून मुलांची वजनं घ्यायच्या. मी ठाण्याहून आलेला, संगणकातलं काय ते मलाच कळतं अशा तोऱ्यात. वजनं भरायला मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ऐटीत सांगून टाकलं, "ताई, वही बंद. आता सगळं लॅपटॉपवर."

ताईंनी एक वजन भरून पाहिलं. "सर, बटन दाबल्यावर काय ऱ्हातं, काय जातं, ते हा सांगत नाय. नुसतं 'झाले' म्हंतो."

"झाले म्हणजे झाले," मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

प्रोग्रॅम फाईलचं नाव विचारायचा. इकडे कोणालाही ठिकाण विचारा, पाडा कुठलाही असो, माणूस गावाचंच नाव सांगतो. ताईंनीही प्रत्येक पाड्यानंतर लिहिलं, पोशेरा. आणि फाईल उघडण्याच्या ओळीत मी 'डब्ल्यू' हे अक्षर घातलं होतं. त्याने त्याच नावाची जुनी फाईल मुकाट्याने रिकामी होते. त्या जागी 'एक्स' असता तर, फाईल आधीच आहे म्हणत, प्रोग्रॅम अडून बसला असता. माझा मात्र दर वेळी आधीचा पाडा पुसून 'झाले' म्हणत राहिला.

महिनाअखेरीस संस्थेच्या साहेबांनी फाईल उघडली, तर आठ पाड्यांपैकी शेवटचा तेवढा शिल्लक. सगळ्यांदेखत ते ताईंवर कडाडले. चूक कुठे आहे ते मला त्याच क्षणी कळलं. मी चार्जरची वायर गुंडाळत बसलो.

"माझंच बोट चुकलं आसंल," ताई म्हणाल्या. "मी परत फिरते. पन साहेब, त्या दिवसाचं वजन कुठून आनू? कुठलं पोर उतरलं, ते आता कसं कळंल?"

भर उन्हात आम्ही दोघे पुन्हा निघालो. तोवर मी गुपचूप प्रोग्रॅम सुधारला होता आणि उरलेली फाईल वेगळ्या नावाने ठेवली होती. दुसऱ्या पाड्यावर ताईंनी सवयीने पोशेरा लिहिलं आणि पडद्यावर उमटलं, 'पोशेरा नावाची फाईल आधीच आहे. तिच्यात एकवीस मुलांची वजनं आहेत. ती पुसली जातील. पुसू?'

ताईंनी बोट ठेवून सगळं वाचलं. "म्हंजे हे सांगता येत होतं."

"चूक माझी होती, ताई."

"मंग साहेबांना सांगा," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या प्रत्येक अंगणात बायका विचारत, "बाई, परत?" ताई आधी माझ्याकडे बघायच्या, जरा थांबायच्या, मग सांगायच्या, "माझी चूक झाली." मी काट्याचा हूक तपासत राहायचो. इतका भित्रा मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

साहेबांना उद्या सांगू, परवा सांगू असं करत आठवडे गेले. ताईंचा करार वाढला नाही. कारण लिहिलं होतं, निष्काळजीपणा. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "अहो, आता त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली."

मी जीपने पोशेऱ्याला गेलो. ताईंच्या दाराला कडी होती. शेजारीण नाचणी पाखडत होती. म्हणाली, "सुमन भिवंडीकडं गेली कामाला. फोन येतो तिचा. काय सांगू?"

सुपातला कोंडा उडत होता. ती वाट बघत थांबली.

"काही नाही," मी म्हणालो, आणि परतीची जीप धरली.