नल्लकुंट्याची रविवारची खोली

आमच्या कामात किस्से फार साचतात आणि सांगता मात्र येत नाहीत. मी समुपदेशक. खोलीत कोण काय बोललं ते खोलीतच ठेवायचं, हा नियम. मैत्रिणी चिडवतात, 'तुझ्या पोटात अख्खं हैदराबाद आणि आम्हाला नुसता चहा!' म्हणून आज दाराबाहेरचं सांगते. शेवटचा किस्सा तेवढा आतला आहे. पण ज्यांचा आहे त्या शांताबाईच म्हणाल्या, सांगा, फक्त रडक्या आवाजात नका सांगू.

*

खोली नल्लकुंट्यातल्या वकीलकाकांच्या घराची, रस्त्याकडची. काका जुन्या हैदराबादी मराठी घरातले, आता वकिली बंद. इथल्या मराठी माणसांना आपल्या भाषेत मन मोकळं करता यावं म्हणून रविवारी खोली देतात. आम्ही पाटी लावली, 'मानसिक आरोग्य केंद्र'. कुत्रंही फिरकलं नाही! मग पाटी बदलली, 'मराठी मंडळींसाठी भेटीगाठी'. पुढच्या रविवारी ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात मुलाचा नाहीतर मुलीचा फोटो. मराठी पाटी दिसली की आपली माणसं आधी स्थळ शोधतात. काकांनी एक लग्न जमवलंसुद्धा.

त्या गर्दीत प्रज्ञा एकटीच बिनफोटोची. विद्यानगरला राहते, बँकेत आहे. तिचा धाकटा भाऊ अपघातात गेला, तेव्हापासून तिची आई, शांताबाई, ना रडल्या ना धड बोलल्या. जेवण तुटलं, झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, यांना बोलतं करा.

"भाऊ तर गेलाच मॅडम," प्रज्ञा म्हणाली, "आता आई पण चाललीय."

शांताबाई आल्या, खुर्चीवर बसल्या, वेळ संपल्यावर उठल्या. असे कितीतरी रविवार गेले. मी पार परेशान.

*

काकांना एक खोड. माणूस दारात दिसला की लगेच, आडनाव काय, गाव कुठलं? त्यांना ती आपुलकी वाटायची. एक तरुण आला, त्याने नुसतं नाव सांगितलं, आणि पुढचा प्रश्न ऐकून उलट्या पावली गेला.

मी मराठवाड्यातल्या बौद्ध घरातली. त्याला काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. काकांना म्हटलं, आडनाव विचारलं की आम्हाला वाटतं, जात तपासतायत. कारण बहुतेक वेळा तसंच असतं. पुढच्या रविवारपासून काकांनी तो प्रश्न सोडला. आता ते फक्त चहा विचारतात. जरा जास्तच विचारतात, पण चालतं.

*

सुलतान बाजारातले एक कापडवाले आधी मनाच्या तेलुगू डॉक्टरकडे जायचे. काकांना बाजारात म्हणाले, तेलुगूत धंदा होतो, रडणं होत नाही. मग इथे मराठीत रडा की! तर नक्को, संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला खबर लागेल. तरी एका रविवारी आले. ऑटोतून उतरले ते डोक्यात हेल्मेट घालून!

काका ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "या शेठ."

*

आता शांताबाई. त्याही बौद्धच. मुलाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, त्यांनी स्वतः सगळ्यांना वाढलं होतं, डोळ्यांत टिपूस नाही. विहारातल्या भिक्खूंनी, भंतेजींनी, त्या दिवशी प्रवचनात सांगितलं होतं, सगळं अनित्य आहे, शोक आवरा. विहारातल्या बायका अजून कौतुक करतात, काय धीराची बाई! धम्म माझाही आहे, पण त्या कौतुकाचा मला राग येतो. बाईंनी ते वाक्य आज्ञा म्हणून पाळलं होतं आणि त्यात त्या आतून संपत होत्या.

शेवटी मी त्यांना विचारलं, भंतेजींना इथे बोलावू का? त्यांनी होकाराची मान हलवली.

भंतेजी आले, समोर बसले. मला वाटलं, आता पुन्हा प्रवचन. पण त्यांनी खुर्ची शांताबाईंच्या जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मी अंगावरचं चीवर तोंडात कोंबून रडलो होतो. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

शांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत, भंतेजी?"

आणि त्या रडल्या, पार गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. भंतेजींनी चीवराचं टोक हातात घेतलं, पण तोंडाशी नेलं नाही. तेही रडत होते.